काकींची चौथी खेप

हे प्रकरण तासगाव तालुक्यातल्या एका गावातलं, आमच्या गिऱ्हाईक असलेल्या एका काकींच्या परत परत येणाऱ्या खालच्या खाजेचं. आमचं मेडिकल आहे, मी आणि माझे मिस्टर दोघंही फार्मासिस्ट, आलटून पालटून काउंटरवर असतो. काकींचं गाव आणि वय थोडं बदललंय, बाकी घडलं तसं लिहितेय. त्यांना विचारूनच लिहितेय, त्या म्हणाल्या, "लिही की, माझं नाव तेवढं घालू नगंस."

पार्श्वभूमी

काकी ५३ वर्षांच्या, पाळी जाऊन चार वर्षं झालेली. घरची दीड एकर द्राक्षबाग, शिवाय सीझनला बायकांच्या टोळीबरोबर दुसऱ्यांच्या बागेतही रोजगाराला जातात. शुगर आठ-नऊ वर्षांपासूनची, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी चालू होती. ऑगस्टमधे तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए१सी, ९.१ आली, म्हणून डॉक्टरांनी त्यात अजून एक गोळी वाढवली.

आता आमच्या दुकानाचं थोडं सांगायला लागेल. दुपारी दोन ते चार मी असते, संध्याकाळी मिस्टर. गावातल्या बायकांना हे टाइमटेबल पाठ आहे. ज्या बाईला "तसलं काहीतरी" विचारायचं असतं ती दुपारीच येते, आणि चुकून काउंटरवर मिस्टर दिसले तर डोकेदुखीची गोळी घेऊन परत जाते. पांढरं जातंय, खाली खाज येतीय, हे कोणी सरळ बोलत नाही. "खालचं", "अंगावरचं", "धुपणी" असले शब्द, ते पण अर्धे तोंडातल्या तोंडात. दुकानात अजून कोणी असेल तर डोळ्यांनीच खुणा. हे सगळं मला माहीत होतं, तरी पुढं जे झालं ते झालंच.

त्रास कसा वाढत गेला

सप्टेंबरात काकींची सून आली. "आत्यांना खाज येतीया, ट्यूब द्या कुठलीतरी." मी क्लोट्रिमॅझोलची, म्हणजे बुरशीवरची, क्रीम दिली, दोन वेळा लावा म्हटलं, संपलं. किती दिवसांपासून, पांढरं जातंय का, वास येतो का, काही विचारलं नाही, कारण मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि सून पण लाजत होती.

दसऱ्याच्या आसपास परत सून. "तेवढ्यापुरतं बरं वाटलं, परत सुरू झालंय." या वेळी मी फ्लुकोनॅझोल १५० ची, बुरशीवरचीच पण पोटात घ्यायची, एक गोळी दिली. ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, आणि मी दिली, हे इथं लपवण्यात अर्थ नाही. दुकानदारीत "घरचंच माणूस आहे" म्हणून असं होतं. पंधरा-वीस दिवस चांगले गेले असं नंतर कळलं.

नोव्हेंबरात काकींना खोकला धरला आणि कुठल्यातरी दवाखान्यात पाच दिवसांची अँटिबायोटिक मिळाली. ती संपता संपता तिसऱ्यांदा खाज. या वेळी सून माझ्याकडं आलीच नाही, शेजारणीनं गजकर्णासाठी आणलेली एक पंचमेळ ट्यूब काकींना दिली. ही कसली ट्यूब ते ओळखलं असेल तुम्ही, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि वर जोरदार स्टेरॉइड असं सगळं एकात. स्टेरॉइडमुळं खाज एका रात्रीत बसते, म्हणून लोकांना ती रामबाण वाटते, पण आत बुरशी मस्त वाढत राहते आणि कातडी पातळ होत जाते. स्टेरॉइडच्या ट्यूब चिठ्ठीशिवाय विकू नका असं सरकारनं २०१८ मधे केलं, तरी घरोघरी कपाटात एक तरी सापडेलच.

ह्या सगळ्याबरोबर घरचे उपाय चालू होते ते वेगळेच. आपल्याकडं धुपणी म्हटलं की पहिलं निदान "अंगात उष्णता वाढली". त्यामुळं सब्जाचं पाणी, धने-जिऱ्याचं पाणी, रात्री भिजवलेले काळे मनुके, मनुके तर घरचेच. यानं नुकसान काही नाही (मनुक्यांनी शुगरचं थोडं होत असेल, ते सोडा). नुकसान झालं ते धुण्यानं. काकींच्या डोक्यात बसलं की आपण कुठंतरी घाण राहतोय. मग आंघोळीच्या साबणानं दिवसातून चार वेळा धुणं, संध्याकाळी कडुलिंबाच्या पाण्यानं, आणि शेवटी तांब्यात फरशी पुसायच्या जंतुनाशकाचं एक टोपण. फरशी पुसायच्या!

चौथी खेप

डिसेंबरचा तिसरा आठवडा, दुपारचे अडीच. या वेळी काकी स्वतः आल्या. दुकानात कोणी नाही बघून आत आल्या, स्टुलाच्या अगदी कडेवर टेकल्या, नीट बसवत नव्हतं. "पोरी, लाज सोडून आलेय आता. ती एकच घ्यायची गोळी असती बग, ती दे."

मी गोळीच्या खणाकडं हात नेला होता, खरं सांगते. मग त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि शटर अर्धं ओढून घेतलं.

मग सगळं निघालं. लघवीला गेलं की मिरची लागल्यागत आग. कातडीला बारीक चिरा. जातंय ते नासलेल्या दुधाच्या गाठींसारखं, वास काही नाही. बागेत डिपिंग चालू, म्हणजे द्राक्षाचा एकेक घड जीएच्या (मणी फुगवायच्या औषधाच्या) पाण्याच्या कपात बुडवायचा, दिवसभर हात वर, ते पाणी कोपरावरून काखेत, काखेतून कमरेपर्यंत उतरतं. अंगात साडी, वर जुना शर्ट, आत सॅटिनचा परकर आणि नायलॉनची निकर, सकाळी आठला भिजलेलं संध्याकाळी घरी येऊनच निघतं. बागेत आडोसा नाही म्हणून पाणी प्यायचं नाही. आणि एक गोष्ट त्यांनी खाली बघत सांगितली, खोकला लागल्यापासून थेंब थेंब लघवी सुटते, म्हणून दिवसभर जुन्या साडीची घडी घेतात, तीच ओली घडी संध्याकाळपर्यंत.

मग हळूच म्हणाल्या, "ह्यांनी कुठनं काय आणलं न्हाई न्हवं? शेजारीण तसं म्हणत हुती." आणि त्यानंतर, "का क्यान्सर हाय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं. ही बुरशी, कँडिडा, बऱ्याच बायकांच्या अंगावर, आतड्यात, योनीत थोडी थोडी असतेच, बाहेरून कोणी आणून द्यायला लागत नाही. चार बायकांतल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. याला सहसा लैंगिक आजार धरत नाहीत, नवऱ्याला खाज किंवा चट्टे नसतील तर त्याला औषधही लागत नाही. काका बिचारे उगाच संशयात अडकले होते. दुसऱ्या प्रश्नाला मी म्हटलं, तसं वाटत नाही, पण पाळी गेल्यानंतर खालचा कुठलाही त्रास बघून घेतल्याशिवाय "काही नाही" म्हणायचं नाही, आणि रक्त दिसलं तर एक दिवसही थांबायचं नाही.

हे बोलता बोलताच माझं मला टोचलं. पाळी गेल्यावर हा त्रास खरं तर कमी होतो, कारण या बुरशीला बायकांचं इस्ट्रोजेन मानवतं आणि ते आता उतरलेलं असतं. गरोदरपणात, जास्त इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर, अँटिबायोटिकनंतर हे होतं, कारण अँटिबायोटिक आतले चांगले जंतूही मारते. खोकल्याच्या गोळ्यांनी नोव्हेंबरचं एक वेळचं समजलं, पण सप्टेंबरचं कशानं? ५३ व्या वर्षी एकदम चार महिन्यांत चार वेळा? मग शुगर. पण शुगर तर नऊ वर्षांची, मग आत्ताच काय नवीन झालं?

"काकी, शुगरच्या गोळ्या आणल्यात?"

त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून बँकेचं पासबुक काढलं, त्याच्या खालून दोन स्ट्रिपा. दुसरी स्ट्रिप डापाग्लिफ्लोझिन १० ची. आणि तिच्यावर निळ्या मार्करनं लिहिलेलं, "सकाळी १". अक्षर माझ्या मिस्टरांचं.

म्हणजे ऑगस्टपासून ही गोळी संध्याकाळी काकींचा मुलगा आमच्याच दुकानातून मिस्टरांच्या हातून नेत होता, आणि खाजेची ट्यूब दुपारी सून माझ्या हातून. एकच काउंटर, मधे फक्त तीन तासांचं अंतर.

ही गोळी काय करते ते साध्या भाषेत सांगते. आपली किडनी रक्तातली साखर गाळते आणि परत ओढून घेते. ही गोळी ते ओढून घेणं अडवते, त्यामुळं जादाची साखर लघवीतून बाहेर जाते, शुगरच्या पेशंटमधे दिवसाला साधारण ७० ग्रॅमच्या घरात. चहाच्या चमच्यानं मोजा, चौदा चमचे होतात. शुगर उतरते, हृदयाला आणि किडनीलाही ही गोळी चांगली आहे, २०२० नंतर देशी कंपन्यांच्या आल्या तसा दर उतरला आणि गावोगाव चालू झाली. पण त्या साखरेच्या लघवीचा थेंब ज्या कपड्यात मुरतो तिथं बुरशीला आयतं जेवण मिळतं. गुप्तांगाचं फंगल इन्फेक्शन हा या गोळीचा अगदी माहीत असलेला साइड इफेक्ट आहे, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. आणि काकींच्यात ओली घडी, नायलॉन, कमी पाणी, वरून साबणानं सोललेली कातडी असं सगळं एकाच जागी जमलेलं.

काय काय पर्याय होते

पहिला, मागतायत ती गोळी देणं. सोपं, त्या खूष, मी पण मोकळी. पण दोन-तीन आठवड्यांनी पाचवी खेप नक्की. शिवाय फ्लुकोनॅझोलमुळं ग्लिमेपिराइडचा जोर वाढतो, शुगर एकदम खाली जाऊ शकते. मी विचारलं, दसऱ्याला गोळी घेतली तेव्हा काही झालं होतं का? म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी बागेत थरथर सुटली, घाम आला, गूळ खाल्ला मग बरं वाटलं." त्याच गोळीनं झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, डापाग्लिफ्लोझिन पण जोडीला होतीच, पण मला घाम फुटला.

दुसरा, आत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या, १०० मिलिग्रॅमच्या सहा रात्री. शुगरच्या गोळ्यांशी भांडण नाही, म्हणून बरा पर्याय. पण चौथ्या वेळी नुसता अंदाजावर उपचार करत राहणं बरोबर नाही. सगळं पांढरं जाणं यीस्टचंच, म्हणजे या बुरशीचंच, नसतं, मासळीसारखा वास असेल तर जंतूंचा बिघाड, हिरवट-पिवळं फेसाळ असेल तर वेगळा जीव, आणि त्यांची औषधं पूर्ण वेगळी. शिवाय यीस्ट असलं तरी कँडिडाच्या काही जाती फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत, आणि शुगरवाल्यांत त्या जास्त सापडतात.

तिसरा पर्याय काकींनीच काढला. "मग ही गोळीच बंद करते की आजपासनं." हे ऐकून मला धडकी भरली, कारण माझ्याच बोलण्यातून ते निघालं होतं. ९.१ वाली बाई, ऐन सीझनमधे, स्वतःच्या मनानं गोळी सोडणार आणि दोन महिन्यांनी पायाची जखम घेऊन येणार, असली उदाहरणं बघितलीयत.

चौथा, शुगरच्या डॉक्टरांना कळवणं आणि बाईंच्या डॉक्टरकडं तपासणी. यात अडचण एकच, डिपिंगचे अजून दोन दिवस राहिलेले आणि मिरजेला जायचं म्हणजे पूर्ण दिवसाचा रोज बुडतो.

काय केलं

मी तिथूनच शुगरच्या डॉक्टरांना फोन लावला. मला वाटलं होतं चिडतील, तसं काही झालं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाले, "उद्या संध्याकाळी पाठवा, तोपर्यंत गोळी आहे तशी चालू दे, आणि काकींनी हा त्रास मला एकदाही सांगितला नाही हो." खरंच होतं, काकी म्हणाल्या, "बाप्या माणसाला कसं सांगू?"

मिरज तिसऱ्या दिवशी ठरलं, दोन दिवसांचं डिपिंग उरकून. हा मी केलेला सौदा. त्या दोन दिवसांसाठी सांगितलं ते इतकंच. साबण, कडुलिंब, जंतुनाशक, पंचमेळ ट्यूब सगळं बंद. नुसतं साधं पाणी, ते पण बाहेरूनच, आत काही घालायचं नाही, लघवीनंतर पाणी घेतलं की जुन्या मऊ धोतराच्या फडक्यानं टिपून कोरडं करायचं, रगडायचं नाही. निकर सुती आणि सैल. बागेत डब्याबरोबर एक कोरडा परकर, एक निकर आणि चार सुती घड्या, दुपारी जेवणाच्या सुट्टीत बदलायच्या. पाणी प्यायचं, आडोशाला दोन काठ्यांवर जुनी साडी बांधा म्हटलं, टोळीतल्या सगळ्याच दुवा देतील.

दही लावू का म्हणून विचारलं त्यांनी, कोणीतरी सांगितलं होतं. म्हटलं, दही जेवणात घ्या.

मिरजेच्या डॉक्टर बाईंनी नीट तपासलं, स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, त्यात यीस्टच्या कळ्या आणि धागे दिसले, थोडा नमुना कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून तिची जात ओळखायला, पाठवला. पाळी गेलेली म्हणून गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी त्याच वेळी करून घेतली, ती चांगली आली, काकींच्या क्यान्सरच्या भीतीचं तिथं मिटलं. औषध दिलं फ्लुकोनॅझोलच, पण पद्धत वेगळी, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी एकेक अशा तीन. आणि शुगरच्या डॉक्टरांनी तेवढ्या दिवसांपुरतं ग्लिमेपिराइड कमी केलं आणि डापाग्लिफ्लोझिन थांबवून दुसऱ्या गटातली गोळी चालू केली. दोन्ही डॉक्टरांची एकमेकांशी फोनवर गाठ घालून देणं, या प्रकरणात माझं खरं काम असेल तर तेवढंच.

सरकारी दवाखान्यातही याची सोय असते हे बऱ्याच बायकांना माहीत नसतं, तिथल्या सुरक्षा क्लिनिकमधे पांढरं जाण्यावर तपासून औषध फुकट मिळतं. नाव वाचून बायका तिकडं फिरकत नाहीत, "तसल्या" आजारांचं समजतात. काकी पण नाहीच म्हणाल्या.

कुठं वेगळं करता आलं असतं

सप्टेंबरात सुनेला एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागला असता, गेल्या दोन महिन्यांत कुठली नवीन गोळी चालू झालीय? पहिल्या वेळी नाही तर दुसऱ्या वेळी तरी. मी विचारलं नाही कारण माझ्या डोक्यात पण नकळत तेच होतं, शेतातली बाई, घाम, ओले कपडे, स्वच्छता. कारण समोर दिसत होतं म्हणून मी शोधलंच नाही, आणि काकी तर तेच कारण धरून स्वतःला घासत बसल्या.

गोळी देताना मिस्टरांनी मुलाला काय सांगितलं होतं? "भरपूर पाणी प्यायला सांग." बास. खाज आली तर सांगा, हे एका पुरुषानं दुसऱ्या पुरुषाला त्याच्या आईबद्दल कसं सांगायचं, हा प्रश्न आमच्या घरात दोन दिवस चालला, थोडं भांडण पण झालं. आता आम्ही एक केलंय. या गटातली कुठलीही गोळी पहिल्यांदा बाईमाणसाला जाणार असेल तर पाकिटात छोटी चिठ्ठी टाकतो, "खाली खाज, आग, पांढरं जाणं सुरू झालं तर दुपारी दोन ते चार दुकानात या किंवा डॉक्टरांना सांगा, गोळी मनानं बंद करू नका." वाचता न येणाऱ्यांसाठी सूनबाई वाचतात. पुरुषांना तोंडी सांगतो, त्यांनाही होतं, पुढच्या कातडीला चट्टे येतात, पण ते बायकांपेक्षा जास्त लपवतात.

आणि चिठ्ठीशिवायचं फ्लुकोनॅझोल मी बंद केलंय, त्यावरून दोन गिऱ्हाइकं तुटली.

पुढं काय झालं

तीन गोळ्यांच्या पहिल्याच आठवड्यात आग थांबली, चिरा भरायला अजून दोन आठवडे गेले, तो स्टेरॉइडच्या ट्यूबचा प्रताप. कल्चरमधे नेहमीचीच कँडिडा अल्बिकन्स आली, गोळीला दाद देणारी. सहा महिने आठवड्याला एक गोळी असा लांबचा कोर्स डॉक्टर बाईंनी बोलून ठेवला होता, पण कारण सापडलंय म्हणून आधी वाट बघू म्हणाल्या. जानेवारी ते एप्रिल काहीही त्रास नाही.

एप्रिलमधे वेगळंच निघालं. एचबीए१सी ७.९, ठीक, पण लघवीतून प्रोटीन जायला लागलेलं, किडनीवर ताण. आणि किडनीसाठी डॉक्टरांना हवी होती तीच गोळी, डापाग्लिफ्लोझिन. त्यांनी काकींना समोर बसवून सगळं सांगितलं, फायदा काय, त्रास काय, आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. काकी तिथून उठून सरळ माझ्याकडं आल्या, भर दुपारी, उन्हानं लाल झालेल्या. "तू काय म्हणतीस?" मी म्हटलं, मी ठरवणार नाही, पण आता तुम्हाला माहीत आहे काय होतं ते, आणि पहिल्या खाजेलाच यायचं, चौथ्या नाही.

गोळी परत चालू झाली. जूनमधे एकदा थोडी खाज आली, दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बाईंना फोन करून सहा रात्रीच्या आतल्या गोळ्या घेतल्या, मिटलं. त्यानंतर आजपर्यंत नाही.

परवा काकी संध्याकाळी आल्या, काउंटरवर मिस्टर होते. मी आतून बघत होते की डोकेदुखीची गोळी घेऊन जातात का काय. त्यांनी स्ट्रिप काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "ही दे म्हैन्याची. आन् टोळीतल्या दोघी पाठवतेय उद्या दुपारी, त्यास्नी पण हीच चालू केलीया."